अर्जातला तो चौकोन काढायचा कसा

‘आपणांस कधी शिक्षा झाली आहे का? होय / नाही.’ हा प्रश्न अकरा वर्षं आमच्या नोकरीच्या अर्जावर पहिल्याच पानावर होता. ‘होय’पुढच्या चौकोनात खूण दिसली की मी अर्ज वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायचे. त्या गठ्ठ्यातल्या एकालाही मी मुलाखतीला बोलावलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. भरती तुमच्या हातात असेल, तर तुमचा अर्ज समोर घेऊन बसा.

आधी तो प्रश्न अर्जातून काढा आणि निवड झाल्यानंतर विचारा. अमेरिकेत हवाई राज्याने १९९८ मध्ये खासगी मालकांनाही हाच क्रम घालून दिला. क्रमाने इतका फरक का पडतो? समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले होते. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले: गोऱ्या तरुणांपैकी गुन्ह्याची नोंद नसलेल्या ३४ टक्के जणांना पुढचं बोलावणं आलं, नोंद सांगणाऱ्या १७ टक्क्यांना. कृष्णवर्णीयांमध्ये हेच आकडे १४ आणि ५.

अटकेबद्दल विचारू नका. अटक म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. शिक्षा कशाबद्दल झाली, केव्हा झाली आणि या कामाशी तिचा संबंध काय, एवढंच पाहा. रोकड सांभाळायची असेल तर अफरातफरीचा विचार करावाच लागेल. वेल्डिंगच्या जागेसाठी बारा वर्षांपूर्वीची मारामारी कशाला हवी?

निवडीनंतर मी पहिल्यांदा ज्यांना विचारलं, ते सुटकेचे कागद आणि तुरुंगात केलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आले होते. उभ्यानेच बोलू लागले. मी म्हटलं, “आधी बसा.” अशा वेळी दार लावून घ्या, त्यांचं पूर्ण ऐका, आणि ते कागद सगळ्यांच्या हाती लागणाऱ्या फायलीत ठेवू नका.

नकार द्यायचाच असेल तर आधी त्यांच्या पार्श्वभूमीच्या तपासणीच्या अहवालाची प्रत त्यांना द्या आणि उत्तराला काही दिवस द्या. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचीच नोंद चिकटलेली असू शकते.

कॉलेजप्रवेशालाही हेच लागू. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांच्या ‘कॉमन अॅप’ या सामाईक अर्जातून २०१९-२० पासून हा प्रश्न गेला. कॉलेजं स्वतंत्रपणे मात्र तो विचारू शकतात.

शेवटी जुने छापील अर्ज शोधून काढा. आमच्याकडे नवा अर्ज आल्यावरही तीन महिने गेटवर जुनेच वाटले जात होते.