चेहरा बिघडला म्हणून भरीत बंद? या चुका टाळा

चेहऱ्यावर चार पुटकुळ्या उठल्या की आपल्या खान्देशात पहिली गदा येते ती वांग्याच्या भरितावर. मग शेंगदाण्यांवर आणि उन्हाळा असला तर आंब्यावर. 'उष्ण पडलं' म्हटलं की निकाल लागला. दिवसाचे चार गोड चहा, टोस्ट, बिस्किटं, बाटलीतलं थंड मात्र सुरूच राहतं. माझं कळकळीचं सांगणं आहे, ताटातून काय काढायचं ते आधी नीट ओळखा.

मुरुमांशी सर्वात ठळक संबंध दिसतो तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या खाण्याचा, म्हणजे साखर, मैदा आणि गोड पेयांचा. साखर वाढली की इन्सुलिन वाढतं आणि त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. काहींना दुधाने, तर जिमला जाणाऱ्या काही मुलांना व्हे प्रोटीनच्या पावडरनेही मुरूम वाढतात. शेंगदाणे आणि तिळातून उलट लिनोलेइक आम्ल (एक आवश्यक मेदाम्ल) आणि ई जीवनसत्त्व मिळतं. त्वचेतला ओलावा धरून ठेवायला हे आम्ल लागतं. शेंगदाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील तर ती ॲलर्जी असू शकते, तेव्हा ते लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आंब्याचंही तसंच. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, घरोघरी रस सुरू होतो आणि कुणाच्या तरी तोंडाभोवती पुरळ येतं. बहुतेकदा ते देठाजवळच्या चिकाने येतं. आंबे पाण्यात भिजवा, चोळून धुवा, देठाकडचा चीक काढून टाका. रसात वरून साखर घालू नका. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हाचं घामोळं घामाच्या नलिका बुजल्याने येतं. त्याला सैल सुती कपडे आणि गार पाण्याची अंघोळ हवी.

आणखी एक चूक हल्ली फार दिसते. त्वचा 'स्वच्छ' व्हावी म्हणून तेल-तूप पार बंद आणि नुसत्या उकडलेल्या भाज्या! पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला यांतल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर ए जीवनसत्त्व तयार करतं, पण ते अंगी लागायला थोडं तेल लागतंच. अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतायची आपल्या आज्यांची रीत म्हणूनच मोलाची. ए जीवनसत्त्व आणि आवश्यक मेदाम्लं कमी पडली तर कोपरा-गुडघ्यांवर खरखरीत काटेरी पुटकुळ्या येऊ शकतात.

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी सोडून महागड्या पाकिटांकडे वळू नका. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांतला आवश्यक घटक कमी असतो, ती उणीव उडीद भरून काढतो. पूर्वी दख्खनमध्ये जवळजवळ निव्वळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळायचा. नायसिनच्या, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाच्या, कमतरतेचा हा आजार. त्यात उन्हात उघडी राहणारी हाता-मानेची कातडी काळवंडते, सोलते. म्हणून भाकरीसोबत डाळ हवीच.

मानेच्या घडीत मखमलीसारखा जाड काळा थर आला तर तो मळ समजून घासू नका. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. रक्तातली साखर तपासून घ्या. मुलांच्या गालावरच्या पुसट पांढरट चट्ट्यांना कॅल्शियमचं औषध पाजण्यातही अर्थ नाही. बहुतेकदा ती कोरड्या त्वचेची तक्रार असते, साधं खोबरेल किंवा मॉइश्चरायझर लावा.

जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह कमी शोषलं जातं. लिंबू भाजी शिजताना न पिळता ताटात पिळा, म्हणजे सी जीवनसत्त्व टिकतं.

खाण्यातला बदल मुरुमांवर दिसायला दोन-तीन महिने लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. पण दुखऱ्या गाठी होत असतील, खड्डे पडत असतील तर तेवढी वाटही पाहू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.