हलक्या स्पॅनिश शिव्या इंग्रजीत नेताना या चुका टाळा

स्पॅनिश मालिकांची इंग्रजी सबटायटलं करणाऱ्याला जड शिवी फारशी छळत नाही. तिच्या तोडीची इंग्रजी शिवी चटकन सापडते. घोटाळा होतो हलक्या शिव्यांत. त्या एक तर भलत्याच झोंबतात, नाही तर पार मिळमिळीत होतात.

साधा ‘तोन्तो’ घ्या. कोशात ‘स्टुपिड’, ‘फूल’ दिलेलं असतं. पण आई पोराला ‘नो सेआस तोन्तो’ म्हणते तेव्हा इंग्रजीत ‘डोन्ट बी सिली’ एवढंच हवं. ‘स्टुपिड’ घातलंत की लटकी दटावणी अपमान होऊन बसते. ‘तोन्तीन’, ‘तोन्तोर्रोन’ ही रूपं तर आणखी लाडिक. आपण ‘वेडाबाई’ म्हणतो त्या चालीची. इंग्रजीत असे प्रत्यय नाहीत, म्हणून ‘यू डाफ्ट थिंग’ असं आख्खं संबोधनच बदलावं लागतं.

व्याकरणही चकवतं. ‘¡सेरास तोन्तो!’ हा दिसायला भविष्यकाळ. घाईत ‘यू विल बी स्टुपिड’ लिहून मोकळे व्हाल, पण बोलणाऱ्याला म्हणायचंय, ‘काय मूर्ख आहेस रे!’ भविष्याचा इथे काडीचा संबंध नाही.

पुढची चूक देश न विचारण्याची. ‘पेंदेखो’ मेक्सिकोत मूर्ख, तोही बऱ्यापैकी उद्धटपणे. अर्जेंटिनात तो शब्द पोरासोरांसाठी, आणि पेरूमध्ये चलाख, बेरकी माणसासाठी. ‘वेवोन’ मेक्सिकोत आळशी, तर चिलीमध्ये मित्र मित्राला उठताबसता हाक मारतो ती. ब्युनोस आयर्समध्ये दोस्ताला म्हटलेला ‘बोलूदो’ म्हणजे ‘मेट’ किंवा ‘ड्यूड’. आडव्या आलेल्या गाडीवाल्याला म्हटलेला तोच शब्द ‘इडियट’, कधी त्याहून कडक. (आपल्याकडे रुबाबात फिरलेली मित्सुबिशीची पजेरो स्पेनमध्ये आणि लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत ‘मोन्तेरो’ नावाने विकली गेली. ‘पजेरो’ स्पॅनिशमध्ये ‘पाखेरो’ वाचलं जातं, आणि त्याचा तिथला अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही.)

रूपावरून पडलेली नावं सगळ्यात नाजूक. बायको नवऱ्याला ‘गोर्दो’ (जाड्या) म्हणते तेव्हा त्याचं वजन निघालेलं नसतं, ‘हनी’ लिहा. ‘नेग्रो’, ‘नेग्रितो’ (काळा, काळू) यांना मात्र इंग्रजीत वर्णद्वेषाचा इतिहास चिकटलेला आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये मँचेस्टर युनायटेडचा उरुग्वेयन खेळाडू एडिन्सन काव्हानी याने अभिनंदन करणाऱ्या मित्राला इन्स्टाग्रामवर ‘ग्रासियास नेग्रितो’ असं उत्तर दिलं. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी घातली, वर 1 लाख पौंडांचा दंड. उरुग्वेच्या भाषा अकादमीने त्यावर जाहीर निषेध नोंदवला. कथेतल्या संवादात मी इथे बेलाशक ‘थँक्स, मेट’ लिहीन. बातमी किंवा कोर्टाचं काम असेल तर मूळ शब्द तसाच ठेवून खुलासा द्यायचा. तिथे गोड करून लिहिणं ही लबाडी ठरेल.

उरुग्वेचंच आणखी एक उदाहरण. एप्रिल 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका चालू माइकवर बोलून गेले: ‘एस्ता विएखा एस पेओर के एल तुएर्तो’. रोख शेजारच्या अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना किर्चनेर आणि त्यांचे दिवंगत पती नेस्तोर यांच्यावर होता. नंतर मुहिकांना माफी मागावी लागली. ‘तुएर्तो’ म्हणजे खरं तर एकाक्ष, पण नेस्तोर तिरळे होते. इंग्रजी बातम्यांत ‘क्रॉस-आइड’ आलं ते बरोबरच. शब्दशः गेलं असतं तर त्यांचा एक डोळाच गेला असता. ‘विएखा’साठी (म्हातारीसाठी) वापरलेलं ‘ओल्ड हॅग’ मला जास्त वाटतं, कारण ‘हॅग’मध्ये चेटकीण डोकावते. ‘ओल्ड बॅट’ चाललं असतं.

मराठी माणसाच्या मनात मात्र हे वाक्य पहिल्या फटक्यात बसतं: ‘ही म्हातारी त्या चकण्यापेक्षा वाईट.’ आणि आपली खास चूक इथेच होते. आपण स्पॅनिशचं मनात मराठी करतो आणि मग त्या मराठीचं इंग्रजी. ‘म्हातारी’चं ‘ओल्ड वुमन’ झालं की तुच्छता गळते. ‘बुर्रो’चं गाढव, गाढवाचं ‘डाँकी’, की संवाद बालगीतातला वाटायला लागतो. ‘अॅस’ करावं तर अमेरिकेत तो शब्द भलत्याच अवयवाचा. ‘डिमविट’ बरं. ‘सिनबेर्ग्वेन्सा’ची घडण तर हुबेहूब ‘बेशरम’सारखी, म्हणून बोटं आपोआप ‘शेमलेस’ टाइप करतात. पण आजी नातवाला कौतुकाने तसं म्हणत असेल तर ‘चीकी मंकी’ हवं आणि पैसे खाणाऱ्या नगराध्यक्षाला कोणी म्हणत असेल तर ‘क्रुक’.

शेवटचं, काम घेतानाच विचारा: इंग्रजी कुठलं, ब्रिटिश की अमेरिकी? ‘पिलॉक’, ‘मपेट’ हे ‘मूर्ख’चे ब्रिटिश अवतार लंडनला हसवतील. टेक्ससमध्ये प्रेक्षकाला ती शिवी होती हेच कळणार नाही.