दिव्यांग पीडितांचा जबाब कसा घ्यायचा, याचं ट्रेनिंग कसं द्यायचं

तुम्ही स्पेशल एज्युकेटर असाल, एखाद्या संस्थेत असाल किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असाल तर कधीतरी फोन येतोच, "आमच्या स्टाफसाठी दिव्यांगांवर एक दिवसाचं ट्रेनिंग घ्या ना." लगेच हो म्हणू नका, आधी विचारा समोर कोण बसणार आहे. ठाणे अंमलदार, तपास अधिकारी, सरकारी वकील आणि डॉक्टर असे सगळे एका हॉलमध्ये कोंबून २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची पीपीटी लावली की जेवणानंतर अर्धा हॉल पेंगतो आणि उरलेले मोबाईलमध्ये. त्यापेक्षा एकच गोष्ट धरा, प्रश्न कसा विचारायचा. पीडितेला सांगता येत होतं पण प्रश्नच असा पडला की सगळं फिसकटलं, जबाब बहुतेक वेळा असाच बिघडतो. आणि ते डोळ्याला पट्टी बांधून चालायला लावणं वगैरे अजिबात नको, त्यातून फक्त "अरेरे" निघतं, बाकी काही नाही. त्याऐवजी दिव्यांग व्यक्तींनाच ट्रेनर म्हणून बोलवा, मानधन देऊन बोलवा, पण त्यांना स्वतःवरच्या अत्याचाराची कहाणी सांगायला लावू नका.

कायदा अर्ध्या तासात उरका, पण पक्का करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) लागू झाली, तिच्या कलम १७३ प्रमाणे बलात्कार, विनयभंग, पाठलाग, अॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांत पीडित दिव्यांग असेल तर तक्रार घ्यायला पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जायचं असतं, दुभाषा किंवा स्पेशल एज्युकेटर हजर हवा आणि व्हिडिओ शूटिंग करायचं. नंतर कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब, तोही व्हिडिओवर, आणि हाच जबाब पुढे खटल्यात सरतपासणी (स्वतःच्या बाजूच्या वकिलाने घेतलेली पहिली साक्ष) म्हणून धरला जातो, म्हणजे तिला परत पहिल्यापासून सांगावं लागत नाही, थेट उलटतपासणी. हे ऐकल्यावर हॉलमधले लोक जरा सावरून बसतात कारण पहिल्या जबाबाची किंमत कळते. "पण कोर्टात असली साक्ष टिकते का साहेब?" हा प्रश्न येणारच. तेव्हा पाटण जमाल वली खटल्याचा २०२१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगा, जन्मांध तरुणीने आरोपीला आवाजावरून ओळखलं, ते कोर्टाने मान्य केलं आणि दिव्यांग साक्षीदाराची साक्ष निव्वळ दिव्यांगत्वामुळे कमकुवत समजायची नाही असं स्पष्ट म्हटलं. पोलीस, वकील, न्यायाधीशांना ट्रेनिंग द्या हेही त्याच निकालात आहे.

आता खरं काम. एका ट्रेनीला बाजूला घेऊन हळूच सांगा, तुला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, सगळ्याला हो म्हणायचं. बाकीच्यांना चौकशी करायला लावा. "तो काका होता ना?" हो. "घरीच घडलं ना?" हो. "शाळेत पण?" हो. दहा मिनिटांत कागदावर अख्खी खोटी घटना तयार होते आणि लिहिणाऱ्याला वाटतं काय सहकार्य करतेय पोरगी! मग गुपित फोडा. त्यानंतर "काय झालं ते सांग" आणि "मग?" एवढ्याच दोन प्रश्नांवर गाडी किती लांब जाते ते करून बघू दे. "हे की ते" असा प्रश्नही जपून, कारण बरेच जण शेवटचा पर्याय उचलतात. तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपलं उत्तर चुकलं असं समजून ती उत्तर बदलते, मग वकील म्हणणार साक्षीदार शब्द फिरवते. तारीख विचारून काही मिळत नाही, "त्या दिवशी शाळेत गेली होतीस का, आधी काय केलंस, नंतर घरी कोण आलं" असं धरून चला. आणि गप्प बसायला शिकवा. प्रश्न विचारून मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, पोलिसांना हे सगळ्यात जड जातं.

कर्णबधिर पीडित असेल तर घरातल्या माणसाला दुभाषा करू नका, आरोपी घरातलाच किंवा ओळखीतला असू शकतो आणि भाऊ काय गाळतोय ते तुम्हाला कळणारही नाही. खेड्यातल्या अनेकांना भारतीय सांकेतिक भाषा येत नाही, फक्त घरगुती खुणा येतात, तिथे दुभाष्यासोबत एक कर्णबधिर व्यक्ती मध्ये बसवावी लागते. वेळ दुप्पट लागतो, लागू दे. बोलताना बघायचं तिच्याकडे, दुभाष्याकडे नाही. आणि कॅमेरा! पोलिसांचा फोटोग्राफर सवयीने चेहऱ्यावर फोकस करतो, हात फ्रेमच्या बाहेर, म्हणजे जबाबच बाहेर. कंबरेपासून वर ती आणि दुभाषा दोघंही दिसायला हवेत, पाठीमागे खिडकी नको, नाहीतर नुसत्या सावल्या दिसतात. हे तिथल्या तिथे शूट करून दाखवा.

सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) बोलणं अस्पष्ट असेल तर तिचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, समजल्याचं नाटकही नाही, "नाही कळलं, परत सांग" म्हणायचं. चित्रांचा बोर्ड वापरणारी असेल तर आधी बोर्ड तपासा, त्यावर पाणी, भूक, शाळा सगळं असतं, पण शरीराचे खाजगी अवयव नसतात, "थांबा" आणि "मला नाही सांगायचं" पण नसतं. ती चित्रं आधीच तयार ठेवा. आरोपीचं एकट्याचं चित्र मात्र समोर ठेवायचं नाही, ते उत्तर सुचवल्यासारखं होतं. अंध व्यक्तीला खोलीत कोण कोण आहे ते आधी सांगा, आवाज, वास, स्पर्श याबद्दल विचारा, आणि सही घेण्याआधी जबाब पूर्ण वाचून दाखवा. मानसिक आजार असेल तर गोळ्यांची वेळ विचारा, गुंगीत असताना जबाब नको. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नको.

सपोर्टचा भाग लोक शेवटच्या पंधरा मिनिटांत ढकलतात, तसं करू नका. आरोपीच सांभाळणारा असेल तर त्याला उचलल्यावर आज रात्री तिला जेवायला कोण घालणार, आंघोळ कोण घालणार? हा प्रश्न तक्रार घेतानाच विचारायचा. कर्णबधिर मुलीचा मोबाईल मुद्देमाल म्हणून जमा केला की तिचं जगाशी बोलणंच बंद, त्यामुळे पर्यायी फोन आणि डेटाची सोय कोण करणार ते तिथेच ठरवा. मनोधैर्य योजनेचा (पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्य सरकारची योजना) अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो, कायदेशीर मदतीसाठी १५१०० ही हेल्पलाइन आहे, पण नुसता नंबर देऊन उपयोग नाही, अर्ज भरायला कुणीतरी सोबत बसा.

ट्रेनिंग संपताना सर्टिफिकेट वाटण्याआधी प्रत्येक ठाण्याकडून एक कागद भरून घ्या: आपल्या तालुक्यातले दुभाषे, स्पेशल एज्युकेटर, त्यांचे नंबर, रात्री कोण येऊ शकतो, मानधन कोणत्या हेडमधून निघणार. एक प्रत ठाणे अंमलदाराच्या टेबलावर काचेखाली, आणि दर सहा महिन्यांनी सगळे नंबर फोन लावून तपासायचे.