पाच घरांचा इंग्रजी शब्द शोधायचा कसा

समजा, शब्द पाच अक्षरी आहे. त्यात ए आणि ई आहेत. एस, एल आणि टी नाहीत. ए तिसऱ्या घरात बसत नाही, ई पाचव्या घरात बसत नाही. 'वर्डल' या ऑनलाइन शब्दखेळात पहिलाच शब्द 'स्लेट' टाकला, तर अशी माहिती हाती येऊ शकते. इथून पुढे नुसता शब्द आठवत बसलात तर डोक्यात तेच ते चार शब्द फिरत राहतात. म्हणून कागद घ्या, पाच घरे आखा आणि एकेक घर भरत चला.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: जोश वॉर्डल यांनी तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने विकत घेतला. लपलेला पाच अक्षरी शब्द ओळखायचा, प्रयत्न सहा. हिरवे घर म्हणजे अक्षरही बरोबर आणि जागाही. पिवळे म्हणजे अक्षर आहे पण जागा चुकली. राखाडी म्हणजे ते अक्षर नाही. 'नाही'ला एक अपवाद आहे, तो पुढे येईल. शब्दकोड्यातही हीच रीत चालते, फक्त तिथे जोडीला सूचक शब्द असतो.

आधी कान बाजूला ठेवा

मराठीत आपण बरेचसे उच्चाराप्रमाणे लिहितो, त्यामुळे शब्द शोधताना आपण नकळत आवाज शोधतो. इंग्रजीत तिथेच फसगत होते. 'फ' हा आवाज 'फ्लेम'मध्ये एफ देतो, 'फोन'मध्ये पी-एच आणि 'लाफ'मध्ये जी-एच. 'क' तर 'कॅमल'मध्ये सी, 'काइट'मध्ये के, 'कॉर्ड' या वाद्यसुरात सी-एच. 'नाइफ' आणि 'नॉक' के पासून सुरू होतात, 'रिस्ट' आणि 'राँग' डब्ल्यू पासून. ओ-यू-जी-एच हा शेपूट घ्या: आधी आर किंवा टी लावा तर रफ, टफ, सी लावा तर कॉफ, डी लावला की डो. त्यामुळे अक्षरे हाती आली की ती एकेक करून म्हणा, शब्द म्हणून वाचू नका.

पायरी १: अक्षरांना जागा द्या

वरच्या उदाहरणात ए ला १, २, ४, ५ ही घरे मोकळी आहेत. ई ला १, २, ३, ४. प्रत्येक जोडी मांडून पाहा:

• ई तिसऱ्यात, ए चौथ्यात: ब्रेड, ब्रेक, क्रीम, ड्रीम, ओशन
• ए दुसऱ्यात, ई चौथ्यात: पेपर, बेकर, नेकेड
• ए पहिल्यात, ई चौथ्यात: अँगर, अंबर
• ई दुसऱ्यात, ए चौथ्यात: बिगॅन, डिके, व्हीगन
• ए शेवटी: ऑपेरा, झेब्रा

पहिल्या ओळीत ई-ए ही एकच जोडी असूनही ब्रेड, ब्रेक, क्रीम आणि ओशन या चार शब्दांत तिचे चार वेगळे उच्चार आहेत. आवाजावरून शोधणाऱ्याला हे चारही शब्द एकदम सुचणे अवघड.

पायरी २: पुढचा शब्द माहिती मिळवण्यासाठी टाका

वरच्या यादीत आर वारंवार दिसतो. तो तपासणारा शब्द म्हणून 'क्रीम' टाकला. समजा आर, ई, ए हिरवे झाले आणि सी, एम राखाडी. आता नेहमीच्या वापरातले पाचच उरतात: ब्रेड, ब्रेक, ड्रेड, फ्रीक आणि डब्ल्यू ने सुरू होणारा रीक. इथे 'ब्रेक' टाकणे चांगले. बी हिरवा आणि के राखाडी आला तर उत्तर ब्रेड. उलट झाले तर फ्रीक किंवा रीक. दोन्ही राखाडी आले तर ड्रेड. एका शब्दात पाच शक्यतांच्या जास्तीत जास्त दोनच उरतात.

कोणती अक्षरे आधी तपासावीत? खेळाच्या मूळ यादीत उत्तरांसाठी सुमारे २,३०० शब्द होते. त्यांत ई सर्वांत जास्त, मग ए, आर, ओ, टी, एल, आय, एस, एन. शेवटच्या घरात ई आणि त्याखालोखाल वाय. पहिल्या घरात एस सर्वांत पुढे, पण शेवटी एस क्वचितच, कारण 'बुक्स'सारखी साधी अनेकवचने उत्तरांतून वगळली होती. खेळ असे शब्द प्रयत्न म्हणून स्वीकारतो, त्यामुळे लोक ते टाकतात आणि शेवटचे घर फुकट घालवतात.

सगळ्यात जास्त डाव कुठे बुडतात

चार घरे हिरवी आणि एकच रिकामे, अशा वेळी. शेवटी आय-जी-एच-टी असलेले शब्द पाहा: एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. आठ शब्द, आणि तुमच्याकडे उरलेले प्रयत्न चार. एकेक टाकत गेलात तर निम्मे राहून जातील.

उपाय असा: हिरवी अक्षरे मुद्दाम सोडून 'फ्लेम' टाका. त्यात एफ, एल, एम आणि ई एकदम तपासले जातात. त्यांपैकी एकाला रंग आला की उत्तर मिळाले. चारही राखाडी आले तर 'स्नॉर्ट' टाका. एस, एन किंवा आर ला रंग आला तर अनुक्रमे साइट, नाइट, राइट. तिन्ही कोरे राहिले तर टाइट. आठही शक्यता जास्तीत जास्त तीन प्रयत्नांत निकाली. 'हार्ड मोड' सुरू असेल तर ही सोय नाही, कारण तिथे सापडलेली अक्षरे पुढच्या शब्दात वापरावीच लागतात. म्हणून त्या पद्धतीत आय-जी-एच-टी चा घाट लवकर धरू नये.

दुहेरी अक्षरांचा घोळ

आता तो अपवाद. उत्तर 'हॉटेल' आहे आणि तुम्ही 'लेव्हल' टाकले. चौथ्या घरातला ई आणि पाचव्या घरातला एल हिरवे होतील, पण पहिल्या घरातला एल आणि दुसऱ्या घरातला ई राखाडी. याचा अर्थ शब्दात एल नाही असा नव्हे. आणखी एक एल नाही, एवढाच. उलट उत्तर 'लेव्हल' असताना 'हॉटेल' टाकले, तर ई आणि एल हिरवे होतात, पण ते आणखी एकदा आहेत याची खूण कुठेच मिळत नाही. शक्यता संपल्यासारख्या वाटल्या की सापडलेलेच अक्षर आणखी एखाद्या घरात बसवून पाहा.

स्पेलिंगही अमेरिकी धरा. आपण शाळेत 'फेव्हर' यू घालून सहा अक्षरांत शिकलो. जानेवारी २०२२ मध्ये तोच शब्द यू शिवाय पाच अक्षरांत उत्तर म्हणून आला होता. कलर, ऑनर, ह्यूमर, लेबर हेही तसेच. 'फायबर'मध्ये आपण आर-ई लिहितो, तिथे ई-आर.

आणि ए, ई, आय, ओ, यू हे पाचही राखाडी झाले तर घाबरू नका, वाय दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरात बसवा: निंफ, लिंफ, जिप्सी, पिग्मी, क्रिप्ट, ट्रिस्ट, ग्लिफ.