लियन: वकिलाच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी

डिचोली, पेडणे, वाळपईकडून मराठी माध्यमातून शिकून कायद्याकडे वळलेल्या मुलांचं इंग्रजी कच्चं असतं असं मला कधी वाटलं नाही. ती अडतात ती लियनसारख्या शब्दांपाशी. कोशात ‘धारणाधिकार’ सापडतं, म्हणजे येणं चुकतं होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क; ते बरोबरही आहे. पण पणजीत कामाला लागलात की बँकवाला म्हणतो, "एफडीवर लियन मारलाय." सरकारी शाळेतली शिक्षिका विचारते, "दुसरी नोकरी धरली तर माझा लियन राहील ना?" आणि वास्कोहून कुणी तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, फोन करतो, त्याला बोटीवरच्या लियनबद्दल हवं असतं. तिघांनाही एकच उत्तर दिलंत तर किमान दोघं चुकीच्या वाटेला लागतील.

मी नव्या ज्युनियरला आधी बार्जीचं उदाहरण देते. मांडवी-जुवारीवर खनिज वाहणारी बार्ज दुरुस्तीला वर्कशॉपात चढवली, पत्रे बदलले, इंजिन उघडून बसवलं. बिल चुकेपर्यंत वर्कशॉपवाला बार्ज अडवून ठेवू शकतो. भारतीय करार कायदा, 1872, कलम 170. अट अशी, की त्या वस्तूवर त्याने मेहनत किंवा कसब खर्ची घातलेलं हवं, आणि अडवायचं ते त्याच कामाच्या पैशांसाठी. गेल्या वर्षीच्या उधारीसाठी नाही. ओळखीखातर बार्ज पाण्यात सोडली की हा हक्क गेला. पैसे बुडत नाहीत, दावा लावता येतो, पण हातातलं हत्यार गेलेलं असतं. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, 2018 मध्ये पुन्हा झाल्या, बार्जी जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा दिवसांत ताबा कुणाकडे आहे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. म्हणून फाईल हातात आली की पहिलं हेच विचारा: वस्तू आज कुणाच्या ताब्यात आहे?

बँकेची गोष्ट जरा वेगळी. कलम 171 प्रमाणे बँकेला सर्वसाधारण लियन मिळतो, म्हणजे ग्राहकाच्या एकूण येण्यापोटी तिच्याकडे आलेले रोखे, पावत्या अडवता येतात. मुदतठेवींवरही तो चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात मान्य केलं. पण लॉकरमधल्या दागिन्यांवर नाही, विशिष्ट कामासाठी ठेवलेल्या पैशांवर नाही, आणि नवरा-बायकोच्या संयुक्त ठेवीला एकट्या नवऱ्याच्या कर्जापोटी सहज हात लावता येत नाही.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. मोबाईलवर बँकेचं अ‍ॅप उघडलं की ‘लियन अमाउंट’ म्हणून आकडा दिसतो आणि पक्षकार घाबरून येतो. तो आकडा आयपीओच्या (कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीच्या) अर्जापोटी अडकवलेल्या रकमेचा असू शकतो. शेअर नाही मिळाले तर आपोआप सुटतो. तो कर्जाच्या थकबाकीचा असू शकतो. आणि हल्ली बरेचदा तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीतून आलेला असतो: कुणीतरी 1930 या सायबर तक्रारीच्या हेल्पलाइनवर फोन केला, फसवणुकीचा पैसा फिरत फिरत तुमच्या पक्षकाराच्या खात्यातून गेला, बँकेने तेवढी रक्कम रोखली. इथे बँकेचं त्याच्याकडे काहीच येणं नाही. बँकेच्या सॉफ्टवेअरने शब्द लियन वापरला, तरी करार कायद्याशी त्याचा संबंध नाही; मामला पोलिसांचा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतला (फौजदारी कामकाजाच्या कायद्यातला). त्यामुळे शाखेत जाऊन कलम 171 वर वाद घालणं म्हणजे वेळ फुकट. तक्रार कुठल्या राज्यात, कुठल्या ठाण्यात, तिचा क्रमांक काय, एवढं लेखी मागा. तोंडी उत्तरावर उठून येऊ नका.

इंटरनेटवरच्या अमेरिकन मजकुरापासूनही जपा. तिथे घराच्या कर्जालाही लियन म्हणतात, करथकबाकीलाही. आपल्याकडे घर गहाण ठेवलं की ते मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 58 मधलं गहाण. घर सहसा कर्जदाराच्याच ताब्यात असतं. गाडीचं नजरगहाण (गाडी कर्जदाराकडेच राहते), सोन्याचं तारण हे आणखी वेगळे प्रकार. मसुद्यात या सगळ्यांना सरसकट लियन लिहिलंत तर सीनियर कागद परत फेकतील, आणि योग्यच करतील. गोव्यात गहाणखत करताना आणखी एक बघायचं: पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची समायिक असते, तेव्हा जोडीदाराची सही आहे ना हे आधी तपासा.

शिक्षिकेचा लियन म्हणजे कायम पदावरचा हक्क. ठरावीक मुदतीपर्यंत ती जुन्या जागी परत येऊ शकते. तिथे पैशांचा प्रश्नच नाही. सेवानियम आणि मंजुरीचा आदेश वाचा, झालं.

वकिलांनाही एक टोचणारी गोष्ट सांगून ठेवते. फी राहिली म्हणून पक्षकाराची फाईल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलंय, तरी फायली अडतात.

राहिला तारवटी. सागरी लियनला ताबा लागतच नाही. नौकाधिकरणाचा (अ‍ॅडमिरल्टीचा, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा) 2017 चा कायदा 1 एप्रिल 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 9 मध्ये खलाशांचं वेतन आणि घरी परतण्याचा खर्च प्राधान्यक्रमात सर्वांत वर आहे. जहाज विकलं, झेंडा बदलला, तरी हा हक्क जहाजाला चिकटून राहतो. जहाज गोव्याच्या समुद्रहद्दीत असेल तर मुंबई उच्च न्यायालयाकडून ते अडकवून घेता येतं. खंडपीठ पर्वरीला आहे. पण जहाज निघून गेलं की इथला आदेश त्याला गाठत नाही, आणि वेतनाचा लियन देय तारखेपासून दोन वर्षंच टिकतो, बाकीचे लियन एकच वर्ष. म्हणून असा फोन आला की कंपनीने किती छळलं ही कहाणी नंतर ऐका. आधी करारपत्र, पगाराच्या स्लिपा आणि वेतन कुठल्या तारखेला देय होतं ते विचारा, आणि जहाज सध्या कुठल्या बंदरात आहे तेही.