जुनापाणीच्या दगडी वर्तुळांची नोंद कशी घ्यायची (आणि हेन्री राइंडकडून काय शिकायचं)

नागपुरातून काटोल रोडने जुनापाणीला, लोहयुगातल्या दफनांवरची दगडी वर्तुळं बघायला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा आणि पहाटे निघा, तर्री पोहे परत येताना खा, पण सकाळचं तिरपं ऊन चुकवू नका, का ते पुढे सांगतो. सोबत वही, पेन्सिल (पेन नको, दवाने शाई पसरते), 30 मीटरचा टेप, फोनमधलं कंपास, भरपूर पाणी, आणि टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी.

मला ही वहीची सवय लागली ती अलेक्झांडर हेन्री राइंड ह्या पुरातत्त्व अभ्यासकाबद्दल वाचून. 1833 मध्ये स्कॉटलंडमधल्या विक गावात जन्मला, वकील व्हायचं होतं पण छातीच्या दुखण्याने ते राहूनच गेलं, मग कोरडी हवा मिळावी म्हणून 1855 पासूनचे दोन हिवाळे इजिप्तमध्ये काढले. त्या काळी थीब्सला (आजच्या लक्झरच्या जागचं प्राचीन शहर) बहुतेक लोक नुसते उकरून, चांगलं दिसेल ते उचलून नेत होते. ह्याने मात्र थडग्यात कोणती वस्तू कुठल्या खोलीत, कशाशेजारी मिळाली ते लिहून ठेवलं, आणि म्हणूनच त्याला सापडलेलं एक बंद थडगं मुळात जुनं होतं आणि रोमन काळाच्या सुरुवातीला दुसऱ्या कुटुंबाने ते वापरलं हे आज कळतं. 1863 मध्ये इटलीत कोमो तलावाकाठी वारला, तिशीसुद्धा पूर्ण नव्हती. आपला अजब बंगला, म्हणजे नागपूरचं संग्रहालय, सुरू झाला तेच हे वर्ष. अजून वीस वर्षं मिळाली असती तर त्याने काय काय केलं असतं, ह्याचा विचार करून खरंच वाईट वाटतं.

तर आता काम. पोचल्या पोचल्या वर्तुळात शिरू नका. आधी बाहेरून चारी बाजूंनी फोटो काढा, आणि कुठला फोटो कुठल्या बाजूने ते लगेच लिहा, घरी गेल्यावर सगळे दगड सारखेच दिसतात. मग उत्तर दिशा बघा, उत्तरेकडच्या दगडाला एक नंबर द्या आणि घड्याळाच्या दिशेने मोजत जा. नंबर फक्त वहीत, दगडावर खडू, रंग काहीही लावायचं नाही. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असा दोनदा टेप लावा, कारण ही वर्तुळं कंपासने काढल्यासारखी गोल नसतात. गवतात पडलेला, सरकलेला दगडही मोजा, पण "जागेवर नाही" असं शेजारी लिहा.

तिरप्या उन्हाचं कारण म्हणजे काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत, ते दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत. 1879 मध्ये रिव्हेट-कार्नॅक ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ह्या भागातल्या वर्तुळांवर लेख छापला, त्यातही हे खळगे आहेत. किती, कोणत्या नंबरच्या दगडावर, आत तोंड करून की बाहेर, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

सगळ्यात महत्त्वाचं, खापराचा तुकडा दिसला तरी उचलायचा नाही. ही लोहयुगातली दफनं आहेत, जागा सरकारने संरक्षित केलेली आहे, इथे खणणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बघा, राइंडचं नाव आज ज्यामुळे जगभर माहीत आहे तो गणिताचा पपायरस (प्राचीन इजिप्तमधली गणितं लिहिलेली गुंडाळी) त्याने स्वतः खणलाच नव्हता, 1858 मध्ये लक्झरला विकत घेतला, म्हणून तो नक्की कुठून निघाला हे पक्कं सांगता येत नाही. इतक्या काटेकोर माणसाच्या बाबतीत हे झालं! खिशात घातलेल्या खापराचंही तेच होतं. त्यामुळे जिथे आहे तिथेच ठेवून शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, जवळच्या दगडाचा नंबर आणि अंतर लिहा.

त्याच संध्याकाळी सगळं नीट उतरवून काढा, तारीख आणि सोबत कोण होतं तेही. कुठे ताजा खड्डा किंवा दगड हलवल्यासारखं दिसलं असेल तर फोटोसकट पुरातत्त्व खात्याला कळवा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.