घोट्यासाठी नडगीचा व्यायाम कसा करायचा

घोटा एकदा लचकला की जो तो सांगतो, सूज उतरली की टाचा वर-खाली कर. त्याने पोटरीचा व्यायाम होतो, वाईट काही नाही, पण चवडा वर धरणारा स्नायू पुढे नडगीला असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आधी तो शोधा. खुर्चीत बसून टाच टेकलेलीच ठेवा, चवडा वर ओढा. नडगीची आतली बाजू नुसती हाड-कातडी असते, तिथे काही हाताला लागणार नाही, हाडाच्या बाहेरच्या कडेला जे टणक होतं तो टिबियालिस अँटिरियर. त्याची जाड कंडरा घोट्याच्या पुढून आत पायाच्या कमानीकडे उतरताना स्पष्ट दिसते. चालताना टाच टेकली की हाच चवडा हळू खाली सोडतो, तो थकला की चप्पल फटफट वाजायला लागते. घाटीच्या, म्हणजे चढणीच्या रस्त्याच्या, डांबरी उतारावर टाच आधी टेकते म्हणून नडगी भरून येते, पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, पायऱ्या उतरताना चवडा आधी टेकतो, तिथे पोटरीवर येतं.

आता भिंत. जांभ्याची उघडी नको, पाठ सोलते, गिलावा केलेली बघा. पाठ-कुल्ले टेकवा, टाचा फूटभर पुढे, गुडघे सरळ, चवडे वर.

आणि इथेच सगळे फसतात, मी पण बरेच दिवस इथेच अडकलेलो. आपण चवडा उचलायच्या नावाखाली बोटं उचलतो, अंगठा तर आधी ताठ होतो. बोटं उचलणारे स्नायू वेगळे, शेजारीच असतात, ते काम खाऊन टाकतात आणि नडगी थंडच राहते. बोटं सैल सोडा, अंगठ्याच्या मुळाकडचा भाग वर आणा, जमत नसेल तर बूट घालून करा, मग बोटं वळवून काही मिळत नाही. दुसरं म्हणजे खाली येणं. वर सगळेच नेतात हो, पण चालताना या स्नायूला चवडा हळू सोडायचंच काम आहे, म्हणून तीन मोजत खाली या, धपकन सोडलात तर केलं न केलं सारखंच. कुल्ले भिंतीवरून सुटले किंवा गुडघे वाकले की तिथेच थांबा. दहा-पंधरा, दोन-तीन वेळा, एक दिवस आड. रोज शंभर मारा सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

पण एवढ्यावर घोटा सुटत नाही. लचकताना तळवा बहुतेक आतच वळतो, आणि हा स्नायू स्वतःच तळवा थोडा आत ओढतो. ते वळणं अडवणारे स्नायू म्हणजे पेरोनियल, ते पायाच्या बाहेरच्या बाजूला. सायकलची जुनी ट्यूब पलंगाच्या पायाला बांधून तिच्याविरुद्ध तळवा बाहेर ढकला. दात घासताना एका पायावर उभं राहा.

मग पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, चालणं. आधी ओली घट्ट, भुसभुशीत नंतर. गुहागरसारखा लांब किनारा असला तरी तो समुद्राकडे कललेला असतो, एक पाय सतत खाली राहतो, म्हणून गेलात त्याच पट्ट्यावरून परत या, म्हणजे येताना दुसरा पाय खाली येतो.

हाडावर एकाच जागी बोट लावलं की कळ येत असेल तर सगळं बंद, डॉक्टरकडे जा. चवडा उचलताच येत नसेल तर गुडघ्याजवळची किंवा कमरेतली नस दबलेली असू शकते, तिथे व्यायामात दिवस घालवू नका. आणि पावसात शेवाळलेल्या पाखाडीवर एका पायाचे प्रयोग नकोत.